पालीची शेपटी आणि बाबांच्या पायाचे बोट: प्राणिशास्त्राच्या अध्यापकांना खुले पत्र

नागपूर शहर व जिल्ह्यातील वरिष्ठ महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या सहकारी बंधू-भगिनींस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

गेल्या डिसेंबरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाला मी हायड्राची, म्हणजे गोड्या पाण्यातल्या एका इवल्याशा प्राण्याची, कायमस्वरूपी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली लावून दिली होती. ती काचपट्टी आपणा सर्वांच्या ओळखीची आहे. कडेचा बाल्सम पिवळा पडलेला, प्राण्याचा गुलाबी रंग उडत चाललेला आणि तोंडाभोवतीच्या धाग्यांसारख्या शुंडकांपैकी एक अंगाखाली दुमडून कायमचे तसेच राहिलेले. मुले एकामागून एक येत होती, भिंगातून पाहत होती आणि वहीत आकृती काढायला बसत होती. एक मुलगा मात्र भिंगावरून डोळा काढून तिथेच उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, ह्याचं मुंडकं वापस येते, पालीची शेपटी वापस येते, मंग माह्या बाबाच्या पायाचं बोट काऊन नाही येत?"

मी त्याला सांगितले की माणूस हा प्रगत प्राणी आहे आणि प्रगत प्राण्यांत पुनर्जननाची, म्हणजे गेलेला अवयव पुन्हा उगवण्याची, क्षमता उरत नाही. हेच उत्तर मी स्वतः विद्यार्थिनी असताना ऐकले होते आणि जसेच्या तसे पुढे दिले. मुलगा मान हलवून जागेवर गेला. त्याचे वडील कळमना बाजारात हमाली करतात, मधुमेहाने पायाला झालेली जखम चिघळली आणि दुसरे बोट काढावे लागले, हे मला नंतर कळले. आणखी काही दिवसांनी तो एक छापील पत्रक घेऊन आला. त्यात मूलपेशींच्या (ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी बनतात त्या पेशींच्या) इंजेक्शनांनी कोणतीही जखम भरून निघेल आणि ऊतक नव्याने उगवेल असे लिहिले होते. घरच्यांनी पैशांची जुळवाजुळव सुरू केली होती आणि ते देऊ की नको, हे त्याला माझ्याकडून समजून घ्यायचे होते. पत्रक हातात धरून उभी असताना मला जाणवले की मी त्याला काचपट्टीपाशी दिलेले उत्तर आणि त्या पत्रकातला मजकूर, दोन्ही सारखेच निरुपयोगी आहेत, कारण जखम भरताना पेशीच्या आत काय घडते याचा त्या दोहोंतही पत्ता नाही.

म्हणून हे पत्र. माझी विनंती एकच आहे. पुनर्जनन आणि लघु आरएनए (जनुकांचे काम आवरणारे आरएनएचे आखूड तुकडे) हे दोन विषय आपण आज एकमेकांपासून तोडून शिकवतो, पहिला प्राणिविविधतेत चार ओळींत आणि दुसरा रेणवीय जीवशास्त्राच्या शेवटच्या तासाला घाईघाईने. ते एकत्र आणावेत, आणि येत्या हिवाळ्यात प्रत्येक महाविद्यालयात जिवंत हायड्रावर एक प्रात्यक्षिक व्हावे. असे का म्हणते, ते थोडे सविस्तर लिहिते.

आधी माझ्या त्या उत्तरातली चूक. ॲक्सोलोटल हा सॅलॅमँडर पाठीचा कणा असलेला प्राणी आहे. त्याच्या पायात आपल्यासारखीच हाडे, स्नायू, चेता आणि रक्तवाहिन्या असतात, आणि पाय तोडला तर तो सगळ्या सांध्यांसकट पुन्हा येतो. झेब्रा मासा मुळात आपल्याच उपखंडातला. त्याच्या हृदयाच्या निलयाचा सुमारे पाचवा भाग कापला तरी साधारण दोन महिन्यांत तो भरून येतो, हे २००२ साली दाखवले गेले. इतकेच कशाला, एक दिवसाच्या उंदराच्या पिल्लाचे हृदयही असे भरून येते आणि सात दिवसांच्या पिल्लाचे मात्र येत नाही, असे २०११ साली आढळले. प्राणी तोच, जनुके तीच, मध्ये फक्त सहा दिवस गेले. त्या सहा दिवसांत पिल्लू 'प्रगत' झाले असे कोणी म्हणणार नाही. मग बदलते ते काय? जनुके तीच असताना ती कधी, कुठे आणि किती चालू द्यायची याची व्यवस्था बदलते, आणि त्या व्यवस्थेत लघु आरएनएचा वाटा मोठा आहे.

आपण वर्गात फळ्यावर डीएनए, आरएनए, प्रथिन अशी बाणांची साखळी काढतो आणि आरएनएला निरोप्याचे काम देऊन पुढे जातो. १९९३ साली व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांच्या प्रयोगशाळांनी एका गोलकृमीत असा आरएनए दाखवला की ज्यापासून कोणतेही प्रथिन बनत नाही. तो जेमतेम बावीस अक्षरांचा असतो (अक्षरे म्हणजे आरएनएच्या साखळीतले ए, यू, जी, सी हे चार घटक) आणि दुसऱ्या जनुकाच्या संदेशावर जाऊन चिकटतो, त्यामुळे त्या संदेशापासून प्रथिन बनणे मंदावते. सुमारे सात वर्षे बहुतेकांनी ही त्या कृमीचीच खासियत मानली. २००० साली लेट-७ नावाचा याच जातीचा दुसरा रेणू सापडला (अशा रेणूंना मायक्रोआरएनए म्हणतात) आणि तो माशांपासून माणसापर्यंत असंख्य प्राण्यांत आहे हे दिसले, तेव्हा चित्र पालटले. या शोधासाठी अँब्रोस आणि रव्हकुन यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी, २००६ साली, दुहेरी धाग्याच्या आरएनएने जनुक गप्प करता येते हे दाखवल्याबद्दल अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांचाही असाच गौरव झाला होता.

लेट-७ आता मी फळ्यावर पूर्ण लिहिते. यू जी ए जी जी यू ए जी यू ए जी जी यू यू जी यू ए यू ए जी यू यू. बावीस अक्षरे, एका ओळीत मावतात, आणि त्यांत 'सी' हे अक्षर एकदाही येत नाही. गोलकृमीतला हा रेणू आणि माणसातल्या लेट-७ कुटुंबाचा पहिला सदस्य यांत एका अक्षराचाही फरक नाही. मुलांना मी ही ओळ वहीत उतरवून घ्यायला सांगते, मग त्यातले दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतचे अक्षर अधोरेखित करायला लावते, कारण कोणत्या संदेशावर चिकटायचे हे मुख्यतः तीच सात अक्षरे ठरवतात. सात अक्षरांची जुळणी शेकडो वेगवेगळ्या संदेशांत सापडते, त्यामुळे असा एकच रेणू शेकडो जनुकांना थोडेथोडे आवरून धरतो. पूर्ण बंद फारसे कोणाला करत नाही. ही गोष्ट मुलांच्या मनात नीट बसणे अगत्याचे आहे, कारण पुढचे सारे तिच्यावरच उभे आहे.

तो बनतो कसा, हेही एकदा नीट सांगावे. केंद्रकात आधी लांब धागा तयार होतो आणि तो स्वतःवर दुमडून केसांच्या आकड्यासारखा होतो. ड्रोशा नावाचे विकर (एन्झाइम) तो कापून सुमारे सत्तर अक्षरांचा तुकडा करते, तो पेशीद्रव्यात आला की डायसर त्याचे टोक छाटते आणि उरलेल्या लहान जोडीतला एक धागा अर्गोनॉट या प्रथिनात बसतो. अर्गोनॉट मग त्या धाग्याच्या आधाराने संदेश शोधत फिरते.

आपल्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळ जण शेतकरी कुटुंबांतले आहेत. त्यांना मी हे कासऱ्याच्या उदाहरणाने समजावते. गाडीवान कासरा सतत हातात धरून असतो. चढावर तो सैल देतो, उतारावर आवळतो, पण सोडून देत नाही. मायक्रोआरएनए हा पेशीचा कासरा आहे, आणि पुनर्जनन करू शकणारे प्राणी तो वेळेवर सैल करू शकतात.

झेब्रा माशाची शेपटी याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. शेपटीचा पर अर्धा कापला की साधारण दोन आठवड्यांत पुन्हा येतो. २००८ साली असे दिसले की न कापलेल्या परात मायक्रोआरएनए-१३३ भरपूर असतो आणि पर कापल्यावर तो झपाट्याने उतरतो. तो कृत्रिमपणे वाढवला तर पर नीट येत नाही, अडवला तर लवकर येतो. त्याला खाली ठेवणारा संकेत फायब्रोब्लास्ट वृद्धिघटक या पेशींना वाढायला सांगणाऱ्या प्रथिनाकडून येतो, म्हणजे जखमेचा संकेत आधी कासरा ढिला करतो आणि मग पेशींचे विभाजन जोर धरते. त्याच माशाच्या डोळ्यातही हाच प्रकार आहे. दृष्टिपटलाला इजा झाली की तिथल्या म्युलर पेशी (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी) आपले ठरलेले काम सोडून पुन्हा तरुण होतात आणि नवे चेतापेशी घडवतात. एरवी त्यांना जागेवर धरून ठेवणारा रेणू म्हणजे लेट-७. इजा झाल्यावर लिन-२८ हे प्रथिन वाढते आणि लेट-७ला तयारच होऊ देत नाही, हे २०१० साली प्रसिद्ध झाले. आपल्या देशात मोहालीच्या आयसर संस्थेत या विषयावर अजून काम चालू आहे. आपल्या डोळ्यांतही म्युलर पेशी आहेत आणि लेट-७ देखील आहे. इजा झाल्यावर मात्र आपल्या म्युलर पेशी नवी चेतापेशी न घडवता बहुधा वण तयार करतात.

मला स्वतःला सर्वांत विचार करायला लावणारे उदाहरण ॲक्सोलोटलच्या मेरुरज्जूचे आहे. मेरुरज्जू कापला गेला तर ॲक्सोलोटल तो पुन्हा जोडतो, उंदीर मात्र तिथे वण तयार करतो आणि चेतातंतू वणापाशी अडतात. मायक्रोआरएनए-१२५बी दोघांतही आहे, प्रमाण मात्र वेगवेगळे. २०१४ साली दाखवले गेले की ॲक्सोलोटलमध्ये हे प्रमाण वरखाली केले तर त्याचेही पुनर्जनन बिघडते आणि वणासारखे ऊतक दिसू लागते, तर उंदरात ते वाढवले असता वण कमी होतो. ज्या रेणूचे नावही आपण अभ्यासक्रमात घेत नाही, त्याच्या मात्रेवर जोडणे आणि वण धरणे यांतला निर्णय इतका अवलंबून असावा, याचे महत्त्व आपण मुलांना सांगायला नको का?

दुसऱ्या प्रकारचा लघु आरएनए म्हणजे पीआय-आरएनए. तो थोडा लांब, सव्वीस ते एकतीस अक्षरांच्या आसपास असतो आणि पीवी कुटुंबातल्या प्रथिनांबरोबर काम करतो. जनुकसंचात इकडून तिकडे उड्या मारणाऱ्या घटकांना आवरणे हे त्याचे मुख्य काम. माणसात ही व्यवस्था प्रामुख्याने जनन पेशींत आढळते. प्लॅनेरिया (तुकडे केले तरी पुन्हा पूर्ण होणारा चपटा कृमी) आणि हायड्रा यांच्यात मात्र ती शरीरभर पसरलेल्या मूलपेशींतही असते, आणि अशा पेशींना आयुष्यभर विभाजत राहायचे असते हे ध्यानात घेतले की तिचा तिथला उपयोग समजतो. २००५ साली प्लॅनेरियात स्मेडवी-२ हे पीवी जनुक गप्प केले तेव्हा निओब्लास्ट, म्हणजे त्याच्या मूलपेशी, होत्या, त्या विभाजत होत्या, जखमेकडे सरकतही होत्या, पण त्यांच्यापासून जुन्या पेशींची जागा घेणाऱ्या नीट नव्या पेशी तयार होईनात, आणि प्राण्याची पुनर्जननाची शक्ती संपली. हे जनुक गप्प करण्याची रीतही वर्गात सांगण्यासारखी आहे. दुहेरी धाग्याचा आरएनए बनवणारे जिवाणू कलेजीच्या लगद्यात मिसळून प्लॅनेरियाला खाऊ घालतात. लघु आरएनए इथे अभ्यासाचा विषयही आहे आणि अभ्यासाचे हत्यारही. प्लॅनेरियातील मायक्रोआरएनए आणि पीआय-आरएनए यांवर बंगळुरूच्या इनस्टेम संस्थेत बरीच वर्षे काम झाले आहे, आणि हायड्राचे डोके परत येताना कोणते लघु आरएनए वाढतात-घटतात याची मोजणी बंगळुरूच्या संशोधकांनी २०१३ सालीच प्रसिद्ध केली. आपल्या मुलांना मात्र हे सारे परदेशातच होते असे वाटते. २०२३च्या जानेवारीत भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८वे अधिवेशन नागपुरात भरले तेव्हा मुलांची केवढी गर्दी लोटली होती, हे आपण पाहिले आहे. ती उत्सुकता वर्गात कुठे जाते, हा प्रश्न मला तेव्हापासून पडला आहे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येते. त्याला मी पुन्हा बोलावले आणि आधी हे सांगितले की पालीची शेपटीही जशीच्या तशी येत नाही. नव्या शेपटीत मणक्यांची रांग नसते, कूर्चेची एक सलग नळी असते. मग सांगितले की माणसातही थोडे पुनर्जनन शिल्लक आहे. यकृत वाढून आपला आकार भरून काढते, आणि लहान मुलाच्या बोटाचे टोक नखाच्या मुळापलीकडे तुटले नसेल तर पुष्कळदा भरून येते. बाबांच्या पायाचे काय, तर मधुमेहात पायाला रक्त कमी मिळते, आणि प्राणवायू कमी पडला की पेशीत मायक्रोआरएनए-२१० वाढतो. रक्तपुरवठा तोडलेल्या जखमांवर उंदरांत झालेल्या अभ्यासात असे दिसले आहे की हा रेणू त्वचेच्या पेशींना विभाजनासाठी लागणाऱ्या एका घटकाला आवरून धरतो, त्यामुळे जखमेच्या कडा पुढे सरकत नाहीत. निरोगी जखमेत दाह ओसरून पेशी वाढू लागण्याच्या वळणावर मायक्रोआरएनए-१३२ वाढतो, आणि तो कमी पडला तर जखम दाहातच अडकून राहते. बाबांची जखम महिनोन् महिने ओली का राहिली, याचे एक कारण इतक्या बारीक पातळीवर असू शकते, हे ऐकल्यावर तो मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, की त्याचे औषध मिळते का.

इथे आपली जबाबदारी सर्वांत जड आहे, असे मला वाटते. लघु आरएनएचे तत्त्व वापरणारी औषधे आली आहेत. पॅटिसिरान हे पहिले २०१८ साली अमेरिकेत मंजूर झाले, पण ते यकृतातले एक जनुक गप्प करून एका आनुवंशिक विकारावर काम करते. गेलेले बोट किंवा ऊतक परत उगवण्यासाठी लघु आरएनएचे एकही औषध आज रुग्णांसाठी मंजूर नाही. आणि घाई केली तर काय होते, याचा धडाही समोर आहे. मायक्रोआरएनए-१९९ए हृदयाच्या पेशींना विभाजनाला लावतो. हृदयविकाराचा झटका आलेल्या डुकरांच्या हृदयात तो विषाणूवाहकामार्फत (निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने) पोहोचवला, तेव्हा महिनाभरात वण आकसला, स्नायू वाढला, हृदयाचे आकुंचन सुधारले. पण तो रेणू थांबवण्याची सोय नव्हती, तो बनतच राहिला, आणि पुढे बहुतेक डुकरे हृदयाचा ठोका अचानक बिघडून दगावली. २०१९ सालचा हा निष्कर्ष त्याच संशोधकांनी प्रामाणिकपणे छापला. कासरा सैल करणे आणि कासरा हातातून जाणे यांतला फरक मला याहून स्पष्ट दाखवता येणार नाही. शिवाय एकट्या लघु आरएनएने सारे उलगडते असेही नाही. २०१३ साली उंदरांत लिन-२८ चालू ठेवून केस, कान आणि बोटांची दुरुस्ती सुधारली, पण नुसता लेट-७ कमी करणे तिथे पुरेसे ठरले नाही, पेशीची ऊर्जा बनवण्याची पद्धतही बदलावी लागली. हे बारकावे ज्या विद्यार्थ्याला माहीत आहेत, तो घरी आलेले पत्रक वाचून चार नेमके प्रश्न विचारील: कोणती पेशी, कोणता रेणू, कोणाच्या परवानगीने, आणि थांबवायचे कसे. त्या मुलाने ते प्रश्न पत्रक देणाऱ्यांकडे जाऊन विचारले. उत्तरे मिळाली नाहीत. पैसे वाचले, आणि वडिलांची साखर आणि पायाची रोजची निगा यांकडे घरच्यांनी लक्ष वळवले.

आता प्रात्यक्षिकाचे. आपल्यापैकी काहींना वाटेल की लघु आरएनए मोजण्याची यंत्रे आपल्या महाविद्यालयांत नाहीत, मग दाखवणार काय. रेणू दिसणार नाही हे खरे. पण ज्या घटनेसाठी तो रेणू झटतो ती घटना डोळ्यांनी दिसते, आणि तिला फार तर शंभर रुपयांचे साहित्य लागते. त्या प्रसंगानंतर आम्ही शहराबाहेरच्या एका स्वच्छ तळ्यातून जलपर्णीची मुळे आणली आणि काचेच्या बरणीत रात्रभर ठेवली. सकाळी बरणीच्या उजेडाकडच्या काचेवर तपकिरी दोऱ्याच्या तुकड्यांसारखे पाच-सहा हायड्रा लोंबत होते. (आपल्या शहराला जिचे नाव आहे त्या नाग नदीत आम्ही ते शोधायलाही गेलो नाही, हायड्राला मैले पाणी मुळीच सोसत नाही.) एक हायड्रा पसरट काचपात्रात घेऊन धारदार पात्याने शुंडकांच्या खाली कापला. दोन्ही तुकडे आधी आक्रसून मोहरीएवढे झाले. दुसऱ्या दिवशी जखम मिटलेली होती. तिसऱ्या दिवशी खालच्या तुकड्याच्या टोकाला चार बारीक उंचवटे आले, आणि मुले तासाची घंटा झाल्यावरही हलेनात. चौथ्या दिवशी त्या नव्या शुंडकांनी एक डाफ्निया (पाण्यातला पिसवेएवढा जीव) पकडला. त्या दिवशी कोणालाही आकृती काढायला सांगावे लागले नाही.

दोन-तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. नळाचे क्लोरीनयुक्त पाणी चालत नाही, ते उघड्यावर दोन दिवस ठेवून किंवा तळ्याचेच गाळून वापरावे. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसावर जातो तेव्हा हा प्रयोग होणार नाही, डिसेंबर आणि जानेवारी हेच त्याचे दिवस. कापण्याआधी एक दिवस हायड्राला खायला देऊ नये. प्राणी हाताळताना आपल्या संस्थेचे नियम पाळावेत, आणि प्रयोग झाल्यावर हायड्रा बरणीतच वाढू द्यावेत, ते मुकुलनाने, म्हणजे अंगावर कळीसारखे पिल्लू फुटून, पुन्हा पुन्हा वाढतात. पुण्याच्या हायड्राला संशोधनात 'हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे' असे नाव मिळाले आहे. आपल्या तळ्यांतले हायड्रा कोणत्या जातीचे, हे आपल्या मुलांनी ठरवले तर तो एक चांगला प्रकल्प होईल.

प्रात्यक्षिकाच्या त्या चार दिवसांतच फळ्यावर लेट-७ची बावीस अक्षरे लिहावीत, एवढेच मी सुचवते. बरणी समोर असताना ती ओळ मुलांना कळते, असा माझा अनुभव आहे.

माझ्याकडच्या बरणीत आज चाळीसच्या वर हायड्रा आहेत. ज्यांना हवे असतील त्यांनी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रुंद तोंडाची काचेची बरणी घेऊन महाविद्यालयात यावे. डाफ्नियाचे बीजही मी त्यासोबत देईन.

आपली,
नागपुरातील प्राणिशास्त्राची एक अध्यापिका